अमेरिकेतल्या कॉलेजात टेनिस कोच होताना: माझा अनुभव

कॉलेजकडून खेळून झालं की कोचिंगमध्ये शिरायचा सरळ रस्ता म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट. मास्टर्सची फी माफ, थोडा स्टायपेंड आणि बदल्यात हेड कोच सांगेल ते काम. मीही तिथूनच आत आलो. पूर्वी डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, बिनपगारी व्हॉलंटिअर असिस्टंट असायचे. 2023 मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, तो प्रकारच बंद केला.

‘सांगेल ते’ यात पहिलं येतं गटिंग, म्हणजे रॅकेटमध्ये तार ओवणं. 200 मीटरच्या रिळात साधारण 16 रॅकेट बसतात. पॉली (पॉलिएस्टरची तार) लवकर तुटत नाही, म्हणून मुलं तीच घेऊन खेळत राहतात. ताण मात्र केव्हाच उतरलेला असतो, बॉल लांब जातो आणि कोपर कुरकुरायला लागतं. प्रत्येक फ्रेमवर तारीख आणि ताणाचे पाउंड लिहून ठेवायचे आणि तुटायची वाट न पाहता कापून टाकायची. थंडीत बॉल मेल्यासारखा उडतो, तेव्हा एक-दोन पाउंड कमी लावायचे.

दुसरं काम खेळाडूंच्या सरावाच्या तासांच्या नोंदीचं. सीझनमध्ये जास्तीत जास्त आठवड्याला 20 तास, दिवसाला 4, एक दिवस पूर्ण सुट्टी. सीझनबाहेर 8 तास. मॅच पाच तास चालली तरी नोंद 3 तासांचीच. घोळ होतो तो जिम आणि व्हिडिओमुळे: सक्तीचं असेल तर तेही तासांत धरायचं, हे नवे कोच विसरतात.

खरं डोकं लागतं ते लाइनअपला, म्हणजे कोण कितव्या नंबरवर खेळणार हे ठरवायला. आधी तीन डबल्स, प्रत्येकी सहा गेमचा एकच सेट. दोन जिंकणाऱ्या टीमला मिळून एकच गुण. मग सहा सिंगल्स, प्रत्येकी एक गुण. सातपैकी चार मिळाले की टाय, म्हणजे दोन टीममधली लढत, संपली. खेळाडू ताकदीच्या क्रमानेच लावावे लागतात. एक नंबरच्या मुलाला तीनवर लपवून सोपा गुण काढायचा विचार केला, की समोरचा कोच हरकत घेतो. तेव्हा हातात पुरावा लागतो. सरावातल्या चॅलेंज मॅचेसचे निकाल, शरद ऋतूतल्या स्पर्धांचे स्कोअर आणि यूटीआर (निकालांवरून ठरणारं खेळाडूचं रेटिंग) मी एकाच तक्त्यात ठेवतो. दोन खेळाडू अगदी जवळचे असतील तरच अदलाबदलीला जागा असते.

कोर्टवर पॉइंटच्या मध्ये बोलायची मुभा आहे. बहुतेक कोच एक नंबरच्या कोर्टवर खिळून बसतात. माझ्या मते हे चूक. त्या मुलाला स्वतःचं कळतं, आणि पाच-सहा नंबरचा गुणही तेवढ्याच किमतीचा. ड्यूसला (40-40) नो-ॲड असतो, म्हणजे एकाच पॉइंटवर गेम ठरतो, आणि बाजू रिसीव्हर निवडतो; त्यासाठी कोणत्या बाजूला सर्व्ह कुठे करायची हे सरावातच ठरलेलं हवं.

अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून आणि ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळल्यापासून पुण्या-मुंबईच्या पालकांना हा रस्ता चांगला माहीत आहे. टीममध्ये यायचं असलेल्या मुलांच्या मेलमध्ये मी तीन गोष्टी बघतो: यूटीआर, मार्क आणि न कापलेला मॅचचा व्हिडिओ, दहा-पंधरा मिनिटांचा. निवडक विनर्सच्या तुकड्यांवरून काही कळत नाही; डबल फॉल्टनंतर मुलगा काय करतो ते बघायचं असतं. स्कॉलरशिपचं जुनं गणित, मुलांच्या टीमला 4.5 आणि मुलींच्या टीमला 8, हे एनसीएएवरच्या खटल्यातल्या 2025 च्या तडजोडीनंतर बदललं. ती मान्य केलेल्या कॉलेजांत आता टीम जास्तीत जास्त दहाची, स्कॉलरशिपवर मर्यादा नाही. पैसे कॉलेजच्या क्रीडा विभागाकडे आहेत का, हा प्रश्न वेगळा.

आपल्याकडच्यांना अडतं ते व्हिसावर. ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर स्टुडंट व्हिसावर काम करायची परवानगी, 12 महिन्यांची आणि काम शिक्षणाच्या विषयाशी जुळणारं हवं, म्हणून स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं मास्टर्स उपयोगी. अर्ज कोर्स संपायच्या 90 दिवस आधीपासून करता येतो. सुरुवातीची तारीख कोर्स संपल्यावर 60 दिवसांच्या आत कुठलीही निवडता येते. कोचच्या जागा बऱ्याचदा मेमध्ये सीझन संपल्यावर निघतात, त्यामुळे ती तारीख जमेल तितकी उशिराची घ्या, कारण बेकार राहायला एकूण 90 दिवसच मिळतात. पुढे एच-वन-बीला, म्हणजे नोकरीच्या व्हिसाला, युनिव्हर्सिटी लॉटरीच्या बाहेर असते. पण जाहिरातीत ‘कोणतीही पदवी चालेल’ असं असेल तर फाईल अडकू शकते. जाहिरात निघण्याआधीच एचआरशी बोलून पदवीचा विषय त्यात लिहून घ्या.