राहून गेलेलं ‘कडून’

माझी आई साताऱ्याच्या शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवत होती. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी कुठे काही लिहिलेलं दिसलं की तिचा लाल पेनाचा हात शिवशिवतो. अशा बाईला मी अटलांटाहून अडीच तास गाडी चालवत अलाबामातल्या माँटगोमेरीला घेऊन गेले. ते शहर आहे पाट्यांचं. दहा पावलं चाललं की खांबावर एक पाटी, आणि ती दोन्ही बाजूंनी वाचायची.

पहिली पाटी कोर्ट स्क्वेअरची. चौकात १८८५ चं देखणं कारंजं आणि जवळच गुलामांच्या बाजाराची हकिगत. गुरं, जमिनी आणि माणसं, तिन्हींचा लिलाव इथेच व्हायचा. भावही दिलेत. १८५० च्या दशकात शेतात राबणारा धडधाकट गडी दीड हजार डॉलर, हातात कसब असलेला कारागीर तीन हजार. १८५९ मध्ये गावात सात लिलाववाले होते, माणसं कोंडून ठेवायच्या चार कोठ्या होत्या.

आईने चष्मा पुसला. ‘‘गुलामांचा लिलाव केला जात असे. नवीन कर्मणी,’’ ती म्हणाली. ‘‘पण ‘कडून’ लिहायचं राहिलंय.’’

‘‘आई, पाटी आहे ती, निबंध नाही.’’

‘‘सात जण होते ना? मग सात नावं लिहायला किती जागा लागते?’’

तिथून डेक्स्टर अॅव्हेन्यूचा चढ चढत कॅपिटॉलपर्यंत, म्हणजे अलाबामाच्या विधानभवनापर्यंत गेलो. पायऱ्या चढून वर गेलं की जमिनीत पितळी तारा बसवलेला दिसतो. १८ फेब्रुवारी १८६१ ला जेफरसन डेव्हिसने इथेच उभं राहून, गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या राज्यांच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली. ताऱ्यावर त्याचं नाव आहे, तारीख आहे, आणि तारा बसवणाऱ्या महिला मंडळाचंही नाव शाखेसकट आहे.

‘‘इथे बघ, ‘कडून’ आहे,’’ आई म्हणाली. ‘‘मिरवायचं असलं की कर्ता बरोबर सापडतो.’’

त्या ताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर विटांचं लहानसं चर्च आहे. १९५४ ते १९६० मार्टिन ल्यूथर किंग तिथे पाद्री होते. कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा गावाहून चालत आलेला मोर्चा २५ मार्च १९६५ ला याच रस्त्याने कॅपिटॉलसमोर येऊन थांबला. एवढा सगळा इतिहास एका चढात मावलाय. आईचे गुडघे मात्र त्या चढावर बोलायला लागले होते, म्हणून बाकीचं गाडीतून पाहिलं.

दुपारी टेकडीवरच्या स्मारकात गेलो. झुंडींनी ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांचं हे स्मारक २०१८ मध्ये उघडलं. गंजल्या रंगाच्या पोलादाचे आठशेहून जास्त स्तंभ, एकेका काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, एकेक, त्यावर नावं आणि तारखा. आत शिरताना स्तंभ आपल्या डोळ्यांसमोर असतात. मग जमीन उतरत जाते, स्तंभ तिथेच राहतात, आणि थोड्या वेळाने ते आपल्या डोक्यावर टांगलेले असतात. हे लक्षात येईतो मान वर झालेली असते. कितीतरी ठिकाणी नावाच्या जागी नुसतं ‘अज्ञात’.

भिंतीवर एकेका ओळीत कारणं आहेत. जेसी थॉर्नटन, लुव्हर्न, अलाबामा, १९४०. गोऱ्या पोलिसाला ‘मिस्टर’ न म्हणता हाक मारली म्हणून मारला.

याही ओळीत ‘कडून’ नव्हतं. आईने दुरुस्ती केली नाही. बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, ‘‘आपल्याकडे ‘जोहार मायबाप’ म्हणायला चुकलेल्यांच्या अशा ओळी कुणी कोरल्या?’’ मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने तिलाच आठवलं की जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. वर्गात अर्पणपत्रिका वाचून दाखवायची म्हणे ती. परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून मुलं ऐकायची नाहीत.

बाहेर त्याच स्तंभांच्या जुळ्या प्रती आडव्या ठेवल्यात, शवपेट्यांसारख्या ओळीने. ज्या त्या काउंटीने येऊन आपापली घेऊन जावी, ही अपेक्षा. आई ओळींमधून फिरत होती, लग्नघरी उरलेली ताटं मोजावीत तशी मोजत.

परतीच्या वाटेवर, बसमधली जागा गोऱ्यांना द्यायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सची पाटी होतीच. १ डिसेंबर १९५५ ला, शिवणकामाचा दिवस संपवून त्या जिथून बसमध्ये चढल्या, तो थांबा. आईने गाडी थांबवायला लावली, खाली उतरून फोटो काढला आणि तिथूनच मावशीला पाठवला. अंधारात तिच्या लक्षात आलं नाही की पाटीच्या मागच्या बाजूला हँक विल्यम्स या गायकाची माहिती आहे, आणि फोटो नेमका त्या बाजूचा आलाय.

साताऱ्यात तेव्हा पहाट होती. मावशीचं उत्तर लगेच आलं, ‘‘हँक विल्यम्स म्हणजे रोझाबाईंचे यजमान का गं?’’

‘‘नाही, गवई आहेत,’’ आईने टाइप केलं. ‘‘शेजारी राहतात.’’