तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेत डाएटेटिक टेक्निशियन व्हायचं असेल तर

प्रश्न साधारण असा येतो: "पुण्यात न्यूट्रिशनमध्ये बीएस्सी केलंय, आता न्यू जर्सीत आहे. आरडी, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन, व्हायला फार वर्षं लागतात म्हणे. त्यापेक्षा डाएट टेक्निशियन लवकर होता येईल का? आणि पुढे नोकरी मिळते का?"

नोकरी मिळते. लवकर होता येईल की नाही, हे मात्र तुमची पदवी तिकडे कशी मोजली जाते त्यावर ठरतं.

हे पद म्हणजे डाएटिशियनचा हाताखालचा माणूस आणि स्वयंपाकघराचा वॉर्डातला डोळा, दोन्ही. अधिकृत नाव न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्स टेक्निशियन, रजिस्टर्ड. कोणी डीटीआर लिहितं, कोणी एनडीटीआर. नोंदणी एकच, आणि ती देते कमिशन ऑन डाएटेटिक रजिस्ट्रेशन, म्हणजे सीडीआर. नोंदणी हवी तर परीक्षा, आणि परीक्षेला बसायचं तर आधी पात्रता.

पात्रतेची सरळ वाट म्हणजे कम्युनिटी कॉलेजातली साधारण दोन वर्षांची असोसिएट डिग्री. त्या अभ्यासक्रमाला एसेंड या संस्थेची मान्यता हवी, आणि त्यात देखरेखीखालचं किमान ४५० तासांचं प्रत्यक्ष काम असतं: रुग्णालय, वृद्धांचं केंद्र, शाळेचं स्वयंपाकघर. दुसरी वाट २००९ पासून खुली झाली. बॅचलर पदवी आणि एसेंडमान्य डीपीडी अभ्यासक्रम पूर्ण असेल, तर वेगळे ४५० तास न करता थेट परीक्षा देता येते. डीपीडी हा डाएटिशियनच्या शिक्षणातला पुस्तकी भाग. तो पूर्ण केल्यावर महाविद्यालय ‘व्हेरिफिकेशन स्टेटमेंट’ देतं, आणि सगळं त्या एका कागदावर अडतं.

भारतीय पदवीची गाडी नेमकी इथेच थांबते. गुणपत्रिका आधी मान्य संस्थेकडून तपासून घ्याव्या लागतात. तीन वर्षांची बीएस्सी अमेरिकेच्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईलच असं नाही. एमएस्सी जोडीला असेल तर बाजू बळकट होते. बरोबरी मान्य झाली तरी व्हेरिफिकेशन स्टेटमेंट आपोआप हातात पडत नाही. एखाद्या डीपीडीच्या संचालकांकडे अर्ज करायचा. ते विषय ताडून पाहतात आणि राहिलेले करायला सांगतात. बायोकेमिस्ट्री आणि थेराप्युटिक डाएटचे विषय सहसा मान्य होतात. अडकतात ते फूडसर्व्हिस मॅनेजमेंट आणि तिकडच्या आरोग्यव्यवस्थेचे. म्हणून गुणपत्रिकेसोबत प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी मागवून ठेवा. नुसतं ‘न्यूट्रिशन पेपर २’ एवढ्यावरून परदेशातल्या माणसाला काही कळत नाही. इंडियन डाएटेटिक असोसिएशनची आरडी असेल तर अभिमानाने सांगा, पण तिच्या जोरावर अमेरिकेतली नोंदणी मिळत नाही.

प्रवेश घेताना मान्यता एसेंडच्याच यादीत तपासा. ‘न्यूट्रिशन सर्टिफिकेट’ नावाचे ऑनलाइन कोर्स ढिगाने आहेत आणि त्यांच्यावर परीक्षेला बसता येत नाही. मान्यताप्राप्त टेक्निशियन अभ्यासक्रम मुळात थोडे, काही राज्यांत तर एकही नाही. जे दूरस्थ आहेत त्यांत प्रत्यक्ष कामाची जागा आणि शिकवणारी व्यक्ती बहुधा तुम्हालाच शोधावी लागते. रुग्णालयं त्याआधी लसीकरण, टीबीची चाचणी, पार्श्वभूमी तपासणी मागतात. ही कागदपत्रं रखडली की तासही रखडतात, म्हणून पहिल्या सत्रातच त्यांना हात घाला.

परीक्षा संगणकावर असते, आणि तुमच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न बदलतो. कमीत कमी ११०, जास्तीत जास्त १३० प्रश्न. प्रश्न सोडता येत नाही, मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. १ ते ५० च्या मापावर २५ ला उत्तीर्ण. नापास झाल्यास पुन्हा बसण्याआधी ४५ दिवस थांबावं लागतं.

आपल्याकडून गेलेले विद्यार्थी जीवनसत्त्वांवर आणि मधुमेहावर भरपूर वेळ घालवतात आणि स्वयंपाकघराच्या गणितात आपटतात. उदाहरणं देतो. तिकडचा वाढायचा स्कूप क्रमांकाने ओळखतात. क्रमांक म्हणजे एका क्वार्टमध्ये, ३२ फ्लुइड औंसांत, तो किती वेळा भरतो. ८ नंबरचा स्कूप म्हणजे ४ औंस, अर्धा कप. १६ नंबरचा पाव कप. आकडा वाढला की वाढप कमी, आणि घाईत हे हमखास उलटं होतं. खरेदीचं गणित असं: १०० जणांना शिजवलेलं ३ औंस मांस द्यायचं आणि शिजून ६५ टक्के उरतं, तर ३०० औंस म्हणजे १८.७५ पौंड, भागिले ०.६५, जवळपास २९ पौंड कच्चं मांस. गुणलंत तर बारा पौंडांवर याल आणि निम्म्याहून जास्त माणसं उपाशी. मनुष्यबळाचं गणितही येतं: रोज १४ माणसं, प्रत्येकी ८ तास, सातही दिवस म्हणजे आठवड्याचे ७८४ तास, ४० ने भागल्यावर १९.६ पूर्णवेळ जागा. सुट्ट्या आणि आजारपणाची भर त्यावर.

तापमानं फॅरनहाइटमध्येच पाठ करा. गरम अन्न १३५ अंशांच्या वर, थंड ४१ च्या खाली, कोंबडी आतून १६५ पर्यंत. शिजवलेलं निववताना १३५ वरून ७० वर दोन तासांत यायला हवं आणि तिथून ४१ वर पुढच्या चार तासांत. खोल पातेल्यात झाकून ठेवलेलं वरण या कसोटीला कधीच उतरत नाही. उथळ ट्रेमध्ये ओता किंवा पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. रुग्ण दाखल झाल्यावर कुपोषणाच्या धोक्याची चाळणी होते. एमएसटी नावाची पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात: भूक मंदावून खाणं कमी झालंय का, याला १ गुण, नकळत वजन किती घटलं, त्यानुसार आणखी. ‘वजन घटलंय की नाही ठाऊक नाही’ या उत्तरालाही २ गुण आहेत, आणि एकूण २ झाले की रुग्ण धोक्याच्या यादीत. हा गुण विसरणं ही नेहमीची चूक, कारण माहीत नसणं म्हणजे शून्य असं मनात बसलेलं असतं.

वृद्धांच्या केंद्रात वजनाला फार महत्त्व आहे. महिन्यात ५ टक्के, तीन महिन्यांत ७.५ किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट म्हणजे लक्षणीय. १६० पौंडांचा माणूस महिन्याने १५० वर आला तर घट ६.२५ टक्के, डाएटिशियनला लगेच कळवायचं. त्याआधी मात्र पुन्हा वजन घ्या. व्हीलचेअरचं वजन वजा केलेलं नसतं, वेगळा काटा वापरलेला असतो, नाहीतर पायावरची सूज औषधाने उतरलेली असते.

कॅलरी काउंट हे कंटाळवाणं समजलं जाणारं काम. माझ्या मते टेक्निशियनची पारख तिथेच होते. सहसा तीन दिवस प्रत्येक ट्रेचा हिशेब ठेवायचा. ट्रेवर ३ औंस चिकन, अर्धा कप बटाटा, एक पाव, थोड्या बीन्स. रुग्णाने पाव आणि बटाटा खाल्ला. नर्स प्रामाणिकपणे ‘५० टक्के’ लिहिते. पण चिकनमधली २१ ग्रॅम प्रथिनं परत गेली आणि पोटात जेमतेम ६ ग्रॅम. म्हणून टक्के पदार्थागणिक लिहून घ्या. घरून आलेला डबा आणि औषधासोबत दिलेलं न्यूट्रिशन ड्रिंक हमखास नोंदीतून सुटतं.

गिळण्याचा त्रास असलेल्यांचे ट्रेही तुमच्या नजरेखालून जातात. त्यासाठी ० ते ७ अशा पातळ्या आहेत. पाचव्या पातळीत मोठ्यांसाठी तुकडा ४ मिलिमीटरपर्यंत, सहाव्या पातळीत दीड सेंटीमीटरपर्यंत. मोकळा, शीत न् शीत सुटा भात पाचव्या पातळीला चालत नाही. आपल्या आजोबांना प्रेमाने आणलेला पुलाव तिथे धोका ठरतो, हे कुटुंबाला मराठीत समजावणारं कोणी असेल तर फार उपयोग होतो. शाकाहारी रुग्णाच्या क्लिअर लिक्विड ट्रेवर चिकन ब्रॉथ आणि प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असलेली जेली जाते, तीही तुमच्याच डोळ्यांना आधी दिसेल.

पोषणाचं निदान आणि उपचाराची आखणी मात्र तुमची नाही. ती डाएटिशियनची, तुम्ही त्यांच्या देखरेखीखाली. स्वतंत्र सल्लाकेंद्र काढायचं मनात असेल तर ही वाट त्यासाठी नाही.

पैशाचं स्पष्टच सांगायला हवं. २०२३ च्या सरकारी आकड्यांत डाएटिशियनच्या वार्षिक वेतनाचा मध्यक ६९,६८० डॉलर होता. टेक्निशियनचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्या गटात नोंदणी नसलेलेही मोजले जातात, हे लक्षात घेतलं तरी रक्कम मोठी नाही. वाढ हवी असेल तर स्वयंपाकघराच्या व्यवस्थापनाकडे वळा. सर्टिफाइड डाएटरी मॅनेजरची परीक्षा दिलेल्यांना नर्सिंग होममध्ये मागणी असते, कारण डाएटिशियन पूर्णवेळ नसेल तर आहारविभागाला पात्र प्रमुख नेमणं तिथे बंधनकारक आहे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठीच्या विक योजनेत आणि शाळांच्या आहारविभागातही जागा निघतात. नोंदणी टिकवायला दर पाच वर्षांत ५० तासांचं पुढचं शिक्षण लागतं.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एच-वन-बी व्हिसाला किमान बॅचलर पदवीची गरज असलेलं काम लागतं आणि हे पद असोसिएट डिग्रीवर भरलं जातं. तेव्हा अमेरिकेत येण्याचं साधन म्हणून याकडे पाहू नका. एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीधारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर कामाची परवानगी हातात येण्याआधी फी भरू नका.

आणि आरडी? १ जानेवारी २०२४ पासून त्या परीक्षेला मास्टर्स लागतं, शिवाय किमान १००० तासांचं प्रत्यक्ष काम. तुमच्याकडे भारतातली एमएस्सी असेल आणि डीपीडीचे चार-पाचच विषय राहत असतील, तर मी दोन वर्षांची असोसिएट डिग्री सुचवणार नाही. राहिलेले विषय करा, टेक्निशियनची परीक्षा द्या, नोकरी धरा आणि तिथूनच आरडीच्या तासांसाठी अर्ज करा. बीएस्सीच असेल आणि मुलं लहान असतील, तर कम्युनिटी कॉलेजचा मार्ग परवडतो. दोन्ही बाबतींत फी भरण्याआधी घराजवळच्या रुग्णालयांच्या जाहिराती पाहा. ‘डाएट टेक’, ‘न्यूट्रिशन असिस्टंट’, ‘डाएट क्लर्क’ अशा नावांनी शोधा, आणि नोंदणी ‘आवश्यक’ लिहिलंय की ‘असल्यास उत्तम’, तेवढं नीट वाचा.