साखर पेठेतलं प्रेस, जर्मनीतला दगड न् शाहाबादी फरशी

आमचं प्रेस सोलापुरात, साखर पेठेत. अण्णांनी एका ट्रेडल मशीनवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाई यंत्रावर सुरू केलं, बिलबुकं, लग्नपत्रिका आणि मुख्य म्हणजे चादरी-टॉवेलची लेबलं. मी आल्यावर स्क्रीन प्रिंटिंग घेतलं, ऑफसेटचं काम बाहेरून करून द्यायला लागलो, आणि रात्री शटर ओढलं की उरलेल्या शाईत स्वतःचे लाकडी ठसे छापत बसायचो. बायको म्हणायची, दिवसभर छापून पोट भरत नाही का तुमचं. त्या ठशांचे फोटो एका ठिकाणी पाठवले आणि जर्मनीत दोन महिन्यांची रेसिडेन्सी मिळाली, म्हणजे तिथं राहून आपलं काम करायचं, लिथोग्राफीचं. राहायला खोली, वर्कशॉप फुकट, थोडा हातखर्च, विमानाचं तिकीट आपलं. लगनसराई उरकून जूनमध्ये निघालो. गल्लीत सगळ्यांचा एकच प्रश्न, "पगार किती देणार बे?"

लिथो म्हणजे आपल्याकडचं शिळाप्रेस. जुन्या शिळाछाप पोथ्या असतात ना, तेच. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं तेसुद्धा दगडावरूनच. दगडावर काही कोरायचं नाही, ही गोष्ट मला आधी पटतच नव्हती. तेलकट खडूनं चित्र काढायचं, वरून डिंकाचं पाणी थोडं ॲसिड घालून लावायचं, मग दगड ओला ठेवून शाईचा रोलर फिरवायचा. ओल्या जागी शाई बसत नाही, तेलकट जागी बसते. बास, एवढंच. हे शोधलं आलोइस सेनेफेल्डरनं, बव्हेरियात, १७९६ च्या सुमाराला. गडी नाटकं लिहायचा, छपाई परवडेना म्हणून धडपडत होता, त्यात एक दिवस धोब्याच्या कपड्यांची यादी लिहायला कागद नव्हता म्हणून दगडावरच लिहिली, असं त्यानंच सांगून ठेवलंय. मला हा माणूस एकदम आपल्या लाइनीतला वाटला.

दगड झोल्नहोफेनचा, बव्हेरियातलाच, चुनखडीचा, पिवळसर-राखाडी, इतका बारीक कणाचा की हात फिरवला तर साबणासारखा लागतो. त्याच खाणींत पंखवाल्या जुन्या प्राण्याचा सांगाडा सापडला, आर्किऑप्टेरिक्स, त्याच्या नावातसुद्धा पुढं 'लिथोग्राफिका' आहे.

पहिल्या दिवशी मी विचारलं, किती कॉपी, कधी द्यायच्या? वर्कशॉप बघणाऱ्या बाई म्हणाल्या, तुम्ही ठरवा. झालं, आठवडाभर मी हात बांधून बसलो. गिऱ्हाईक नाही, तारीख नाही, अर्धा ॲडव्हान्स नाही, कामाला हात कुठनं घालायचा? रात्री साडेनऊपर्यंत उजेड, मी आपला खोलीत कडक भाकरी न् शेंगाचटणी खात व्हॉट्सॲपवर भावाला विचारतोय, त्या लेबलाची प्लेट आली का.

मग मला जो दगड दिला, चाळीसेक किलोचा असेल, त्यावर फिकट काहीतरी दिसत होतं. ओला केला तर उलटी जर्मन अक्षरं, कणसं, गोल पट्टी. बिअरच्या बाटलीचं लेबल! एवढ्या लांब आर्टिस्ट म्हणून आलो आणि दगडावर लेबलच निघालं. बाई म्हणाल्या, जुना दगड आहे, घासून काढा. घासायचं म्हणजे दगडावर दगड ठेवून मधे कार्बोरंडमची भुकटी न् पाणी, आधी ८० नंबर, मग १२०, १८०, २२०, आठाचा आकडा काढत फिरवत राहायचं, जात्यासारखा घरघर आवाज. मला ते घासवेना. परवानगी काढून आधी शाई चढवली, चार प्रिंट निघाले, कडेची नक्षी अर्धी गेलेली. त्यातला एक आज आमच्या काउंटरमागं लावलाय.

दुसऱ्या दिवशी घासलं आणि त्याच जागी अण्णांनी केलेलं पहिलं चादरीचं लेबल आठवून काढलं, आकडे-अक्षरं सगळी उलटी. तिथले बाकीचे आरसा घेऊन बघत होते, मी आरशाशिवायच उलटं लिहीत गेलो. लहानपणी अण्णांच्या मांडीला टेकून खिळे, म्हणजे छपाईची शिशाची उलटी अक्षरं, वाचलेत, उलटं 'सोलापूर' मला सुलटं वाचायच्या आधी येत होतं.

इकडं दोन महिन्यांत धंद्याचं थोडं वाटोळं झालं, खोटं कशाला बोलू. एका जुन्या पार्टीच्या लेबलाचा लाल रंग चुकला, माल परत आला, ती पार्टी गेली ती गेलीच. पण आल्यावर हातानं अक्षरं काढून लेबल करायला लागलो, चटणीवाले, मसालेवाले मागतात आता, रेटही बरा मिळतो. ऑफसेटवरच छापतो, फक्त अक्षर हाताचं.

दगडाचं वेड मात्र गेलं नाही. तिथनं दगड आणायचा तर भाडंच दगडापेक्षा जड. मग एक दिवस प्रेसमध्ये चप्पल काढताना डोक्यात आलं, पायाखाली शाहाबादीच आहे की, तीपण चुनखडीच, गुलबर्ग्याच्या पुढनं येते. एक फरशी आणली, पॉलिशवाल्याकडनं भुकटी, किराण्यातून डिंक. पहिल्या वेळी सगळीकडनं शाई धरली, नुसता काळा चौकोन. चौथ्या वेळी अण्णांचं नाव वाचता येईल इतपत उठलं. मग हाव सुटली, कागद ठेवून वरून चमच्यानं घासायचं सोडून बाइंडिंगवाल्या काकांच्या स्क्रू प्रेसमध्ये घातली, काका "बास बास" म्हणतायत तोवर कडाक् झालं, बरोबर नावाच्या मधनं दोन तुकडे.

अण्णांनी दोन्ही तुकडे उचलून बघितले न् म्हणाले, "मोरीला लागतील, टाकू नको."

पुढची फरशी दोन इंची सांगितलीय.