दुसऱ्या दिवशीचा नाश्ता चुकवू नका

रात्री अकराला फरसाणाचं अख्खं पाकीट, मग उरलेला भात, बिस्किटं, शेवटी डब्यातला गूळ. पोट दुखायला लागलं तरी हात थांबत नाही. घरचे याला हावरटपणा म्हणतात. हा बिंज इटिंग डिसऑर्डर, म्हणजे ताबा सुटून अति खाण्याचा आजार असू शकतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी अशा खाण्याचं वर्णन १९५९ मध्येच केलं होतं. अमेरिकेच्या डीएसएम या निदानपुस्तिकेत स्वतंत्र आजार म्हणून तो आला २०१३ साली.

लग्नात चार जिलब्या जास्त खाल्ल्या म्हणून कुणी आजारी ठरत नाही. इथे खूण आहे ती ताबा सुटण्याची. साधारण दोन तासांत, इतर कुणी खाईल त्याहून खूपच जास्त खाणं, आठवड्यातून निदान एकदा, असं तीन महिने. जोडीला भराभर खाणं, पोट तडस लागेपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाजेने एकट्याने खाणं आणि नंतर स्वतःची किळस येणं, या पाचांतली किमान तीन लक्षणं. बुलिमिया या खाण्याच्या दुसऱ्या विकारासारख्या मुद्दाम काढलेल्या उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्या यात नेहमीच्या नसतात. वजन निदानात धरलंच जात नाही, त्यामुळे सडपातळ माणूस सुटतो असं नाही.

खरी गफलत होते दुसऱ्या सकाळी. 'आज काही खायचं नाही', किंवा सरळ कडक उपवास. आपल्याकडे उपवासाला कुणी कारण विचारत नाही, त्यामुळे ही उपासमार घरात खपूनही जाते. दिवसभर रिकामं राहिलेलं पोट आणि 'हे खायचंच नाही' अशी मोठी यादी, दोन्ही मिळून संध्याकाळी अति खाण्याच्या पुढच्या झटक्याची तयारी करतात.

म्हणून उपचारात आधी वेळापत्रक बसवतात: तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. भूक असो वा नसो, रात्री झटका आला असला तरी सकाळचे पोहे ठरल्या वेळी. (इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर वेळा डॉक्टरांना विचारून ठरवा.) सोबत वही: किती वाजता, काय, कुठे, आधी मनात काय होतं. कॅलरी लिहायच्या नाहीत. त्या लिहिल्या की वही पुन्हा डाएटची होते. रात्री आठवून लिहिण्यापेक्षा खाताक्षणी लिहा. दोन आठवड्यांत बहुधा दिसू लागतं की झटके ठरावीक वेळी, ठरावीक भांडणानंतर किंवा जेवण चुकलेल्या दिवशीच येतात.

एवढ्याने भागलं नाही, तर खाण्याच्या विकारांसाठीची सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा, बोलून करायचा मानसोपचार) हा नीट तपासलेला उपचार आहे. ती वजन घटवण्यासाठी नसते, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. लिसडेक्सअँफेटामाइन या औषधाला अमेरिकेत २०१५ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली, पण त्याची सवय लागू शकते, हृदयावर ताण येतो. ते मानसोपचारतज्ज्ञांवर सोडा.

उलट्या काढायला सुरुवात झाली असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं.