निळ्याचं काही खरं नाही

दुपारी भाच्याने फोटो पाठवला. टोबॅगोचा पिजन पॉइंट : पांढरी वाळू, पाण्यात शिरलेला लाकडी धक्का, टोकाला झावळ्यांचं छप्पर आणि सगळीकडे निळंच निळं. खाली प्रश्न, "मावशी, हे तुझ्या घराजवळ आहे का गं?"

नाही रे बाबा. मी त्रिनिदादला राहते. कॅरिबियनमधला देश एकच, बेटं दोन. टोबॅगोला जायचं तर विमान नाहीतर फेरीबोट. आणि खरं सांगू? इतका निळा समुद्र मला पचतच नाही. घटकाभर वा वा करायचं, फोटो काढायचे, मग काय?

माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. ओहोटीला मामी पदर खोचून खाडीच्या तोंडाशी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायची आणि मी टोपली धरून उभी. "गुडघ्याच्या फुडे जाव नको गो!" हे दर दोन मिनिटांनी. पावसाळ्यात ते पाणी दूध कमी पडलेल्या चहासारखं दिसायचं. माझ्यासाठी समुद्र म्हणजे तोच.

म्हणूनच मायारो बघितलं आणि जीव भांड्यात पडला. त्रिनिदादचा हा पूर्व किनारा, समोर अटलांटिक, पण पाणी गढूळ. व्हेनेझुएलातली ओरिनोको नदी आपला सगळा गाळ घेऊन इकडे येते. तिथे जायच्या वाटेवर मॅन्झानिलाला मैलोन् मैल माड. एका अंगाला लाटा, दुसऱ्या अंगाला नरिवाची दलदल. आणि मायारोच्या वाळूत चिपचिप! नखाएवढ्या शिंपल्या. लाट मागे सरली की उघड्या पडतात आणि बघता बघता वाळूत बुडी मारतात. बायका-पोरं ओणवी होऊन त्या वेचतात. बादलीभर उकडाव्यात तेव्हा मूठभर मांस निघतं. एवढ्या खटाटोपाचं काय मोल, ते इथे कुणी विचारत नाही. वेंगुर्ल्यातही विचारत नसत.

मराकसच्या किनाऱ्यावर सगळेच जातात, मीही जाते, पण खायला. डोंगरातून जाणारा तो वळणावळणांचा रस्ता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधून दिला, कारण चाग्वारामासचे किनारे त्यांनी तळासाठी अडवले होते. वाटेत थांबून अननसाचं 'चाव' घ्यायचं : फोडींना मीठ, मिरची, लसूण आणि शॅडो बेनी, म्हणजे कोथिंबिरीची दांडगी मावसबहीण. खाली पोचलं की बेक अँड शार्क. तळलेल्या फुगीर पावात तळलेली मोरी. वर चिंचेची आणि लसणाची चटणी आपल्या हाताने हवी तेवढी. कोपरापर्यंत ओघळ येतात. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नये, ओढ फार आहे. मी बावटा नसतानाही उतरत नाही.

बाबांना यातलं काही सांगायला गेलं की ते १९७१च्या कसोटीवर जायचे. पोर्ट ऑफ स्पेन, वाडेकर, सरदेसाई आणि कोवळा गावसकर. बेटावर बघण्यासारखं आणखी काही असेल हे त्यांना मान्यच नव्हतं.

वॉटरलूला मात्र त्यांना न्यायला हवं होतं. पश्चिमेकडे, पारियाच्या आखातात, शिवदास साधूंचं देऊळ. ऊसमळ्यात राबणारा हा माणूस. त्याने देऊळ बांधलं ते साखर कंपनीच्या जमिनीवर, म्हणून ते पाडलं आणि त्यालाच तुरुंगात टाकलं. सुटून आल्यावर त्याने सायकलवरून दगड आणून समुद्रात भर घालायला घेतली. जमीन कंपनीची, पण समुद्र तर कुणाचा नाही! वर्षानुवर्षं एकटा भर टाकत राहिला. आज तिथे पक्कं देऊळ आहे, १९९५मध्ये पुरं झालेलं. बाहेर बांबूंवर रंगीत झेंड्या, आणि शेजारीच स्मशान. १८४५पासून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, भारतातून आणलेल्यांचे नातू-पणतू आपली माणसं इथे आणतात, अस्थी याच पाण्यात सोडतात.

भाच्याला मी वॉटरलूच कळवलं. पोहायचे कपडे आणू नकोस म्हटलं, ओहोटीला सगळा चिखल असतो.