एमपीएलएसवरून एटीएमचे व्हीसी: सेल किती भरायचे आणि बाहेर कसे सोडायचे

दोन्ही टोकांना जुने एटीएम स्विच (डेटा ५३ बाइटच्या छोट्या ‘सेल’मध्ये नेणारं तंत्र), मधे सगळं एमपीएलएस (पॅकेटांवर लेबल लावून ती पुढे नेणारं नेटवर्क). स्विचना पत्ताही लागू न देता त्यांचे पीव्हीसी (दोन टोकांमधले कायमचे आभासी मार्ग; अशा मार्गाला व्हीसी म्हणतात) इकडून तिकडे न्यायचे, यासाठी स्यूडोवायर, म्हणजे एमपीएलएसमधून जाणारी आभासी तार, वापरतात. एन्कॅप्सुलेशनचे नियम डिसेंबर २००६ च्या आरएफसी ४७१७ मध्ये आहेत. कॉन्फिगरेशन चार-पाच ओळींचं असतं: इंटरफेसवर पीव्हीसी, त्याचं एन्कॅप्सुलेशन, पलीकडच्या पीई राउटरचा (एमपीएलएसच्या काठावरचा राउटर) लूपबॅक पत्ता आणि व्हीसी आयडी. खरं डोकं लावावं लागतं ते एका पॅकेटात किती सेल भरायचे आणि पलीकडे ते किती अंतराने बाहेर सोडायचे, या दोन प्रश्नांवर. तक्रारी येतात त्या बहुधा इथूनच, आणि तेव्हा स्यूडोवायर ‘अप’च दिसत असते.

आधी मोड ठरवा. सेल मोडमध्ये पीई राउटर ५३ बाइटच्या सेलमधला एचईसीचा (हेडर तपासण्याचा) एक बाइट टाकून देतो आणि उरलेले ५२ बाइट, म्हणजे ४ बाइट हेडर आणि ४८ बाइट पेलोड, लेबलांमागे ठेवतो. आत एएएल१ आहे, एएएल२ आहे की आणखी काही (एएएल म्हणजे डेटा सेलमध्ये बसवण्याची पद्धत), याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एएएल५ एसडीयू मोडमध्ये मात्र तो सेल गोळा करून मूळ फ्रेम पुन्हा जोडतो, पॅडिंग आणि ८ बाइटचा ट्रेलर काढतो आणि फक्त आतला डेटा पाठवतो. १५०० बाइटचं आयपी पॅकेट एलएलसी-स्नॅपचं हेडर धरून १५०८ होतं, ट्रेलरसह त्याचे ३२ सेल पडतात. सेल मोडमध्ये हे १६६४ बाइट होतात, आणि १५०० च्या एमटीयूत (पॅकेटाचा कमाल आकार) ते एका पॅकेटात मावतही नाहीत. एसडीयू मोडमध्ये १५०८ अधिक कंट्रोल वर्डचे (लेबलांनंतर येणारं स्यूडोवायरचं छोटं हेडर) ४, एवढ्यावर काम भागतं.

म्हणून निव्वळ डेटाच्या व्हीसीला एसडीयू मोड घ्यावा. मात्र फ्रेम जोडली जात असताना मधेच ओएएम सेल (जोडणीच्या देखरेखीचा सेल) आला, तर तो फ्रेमच्या आधी पुढे जातो. म्हणजे सेलचा मूळ क्रम राहत नाही. परफॉर्मन्स मॉनिटरिंगचे ओएएम सेल किंवा एटीएम थरावरचं एन्क्रिप्शन याच क्रमावर उभं असतं. यांपैकी काहीही चालू असेल तर गुपचूप सेल मोड घ्यावा. ग्राहकाला विचारून उत्तर मिळत नसेल तरीही सेल मोडच.

आता सेल भरण्याचं गणित. इथरनेटचं हेडर आणि एफसीएस मिळून १८ बाइट, दोन लेबलांचे ८, कंट्रोल वर्डचे ४, आणि तारेवर प्रीॲम्बल व गॅपचे २० असे ५० बाइट दर पॅकेटमागे जातात. पूर्ण भरलेल्या ई१ वर (२.०४८ एमबीपीएसची लाइन, त्यातले १.९२ सेलांसाठी) सेकंदाला साधारण ४५२८ सेल येतात, म्हणजे दर २२१ मायक्रोसेकंदांना एक. पॅकेटात एकच सेल घातला तर १.९२ एमबीपीएसच्या ई१ ला इथरनेटवर सुमारे ३.७ एमबीपीएस लागतात. पाच सेल भरले की २.२५, दहा भरले की २.०७, आणि २८ भरले की १.९५. पहिल्या पाच सेलांतच बहुतेक बचत होऊन जाते. १५०० च्या एमटीयूत जास्तीत जास्त २८ सेल मावतात, म्हणून २८ च टाकायचे, हा हट्ट कशासाठी ते कळत नाही. २८ सेलांत पहिला सेल बाकीच्यांची वाट बघत जवळपास ६ मिलिसेकंद अडकतो, पाचांत ०.९ मिलिसेकंद. शिवाय एक पॅकेट गळालं की २८ सेल एकदम जातात, आणि ते दोन-तीन वेगवेगळ्या फ्रेमचे असले तर त्या सगळ्या फ्रेम वाया जातात. आवाज किंवा ३जी च्या एएएल२ साठी पाच ते दहाच्या वर जाण्यात अर्थ नाही.

वाहतूक कमी असली की ठरवलेले सेल भरतच नाहीत, आणि मग टायमर संपल्यावर जेवढे असतील तेवढे घेऊन पॅकेट निघतं. त्यामुळे टायमर सेलांच्या हिशोबाने ठेवा. पाच सेल भरायला ०.९ मिलिसेकंद लागत असतील तर टायमर १ मिलिसेकंदाच्या आसपास. तो ५० मायक्रोसेकंदांवर ठेवला तर ई१ वर दुसरा सेल येण्याआधीच संपेल, आणि पॅकिंग चालू असूनही दर पॅकेटात एकच सेल जाईल. दोन्ही टोकांना सेलांची कमाल संख्या सारखीच असली पाहिजे असं नाही. प्रत्येक पीई आपण किती सेल घेऊ शकतो ते एलडीपीतून (लेबलं कळवणारा प्रोटोकॉल) सांगतो, आणि समोरच्याने ती मर्यादा ओलांडायची नसते.

आता बाहेर पडण्याची बाजू, जिकडे फारसं कुणी बघत नाही. समजा पीव्हीसीचा पीसीआर (ठरलेला कमाल वेग) २ एमबीपीएस आहे, म्हणजे सेकंदाला ४७१७ सेल, दोन सेलांत २१२ मायक्रोसेकंद. पलीकडचा पीई एसटीएम-१ वर (१५५ एमबीपीएसची लाइन) आहे, तिथे एक सेल २.८३ मायक्रोसेकंदांत जातो. २८ सेलांचं पॅकेट आलं आणि पीईवर शेपिंग (सेल ठरावीक अंतराने सोडणं) नसेल, तर २८ सेल ८० मायक्रोसेकंदांत एकामागोमाग बाहेर पडतात. पुढच्या एटीएम स्विचवर पोलिसिंग (ठरलेल्या वेगाची तपासणी) चालू आहे आणि सीडीव्हीटी (सेल वेळेआधी येण्याची सूट) २५० मायक्रोसेकंद आहे असं धरा. त्या हिशोबाने लागोपाठचे दोनच सेल कंत्राटात बसतात. तिसऱ्यापासून स्विच एक तर सेल टाकून देतो किंवा त्यावर सीएलपी (गर्दीत आधी टाकून द्यायची खूण) चढवतो. सगळे २८ बसवायचे तर सीडीव्हीटी साडेपाच मिलिसेकंदांच्या वर न्यावा लागेल. सरासरी वेग मर्यादेत, एमपीएलएसवर एकही पॅकेट गळालेलं नाही, आणि ग्राहक मात्र डेटा तुटतो म्हणून ओरडतोय, असं दिसलं की सगळ्यात आधी त्या स्विचचा यूपीसी (पोलिसिंगचा) काउंटर बघावा. उपाय म्हणजे बाहेर सोडणाऱ्या पीईवर पीव्हीसीनुसार शेपिंग लावणं. पोलिसिंग बंद करून सुटका होते, पण मग बाकीच्या व्हीसींचं संरक्षणही जातं.

कोअरचा एमटीयू तपासताना एसडीयू मोडमध्ये ब्रिज्ड एन्कॅप्सुलेशन विसरलं जातं. १५०० च्या वर १४ बाइट मॅक हेडर, १० बाइट एलएलसी-स्नॅप व पॅड, कंट्रोल वर्डचे ४ आणि दोन लेबलांचे ८ मिळून १५३६ होतात. फास्ट रीरूटने (लिंक पडल्यावरची पर्यायी वाट) तिसरं लेबल चढवलं की १५४०. स्यूडोवायर इथे तुकडे करत नाही, मोठं पॅकेट सरळ टाकून देते. पिंग चालतो आणि फाइल अडकते, ती याच कारणाने.

कंट्रोल वर्ड सेल मोडमध्ये ऐच्छिक आहे, पण तो ठेवावाच. तो नसेल तर लेबलांनंतर लगेच सेलचं हेडर येतं आणि त्याचे पहिले चार बिट व्हीपीआयचे (आभासी वाटेचा क्रमांक) असतात. एनएनआयवर (दोन स्विचमधली जोडणी) व्हीपीआय १०२४ ते १२७९ असेल तर ते चार बिट ४ दिसतात, १५३६ ते १७९१ असेल तर ६. मधला राउटर त्याला आयपीव्ही४ किंवा आयपीव्ही६ समजतो, पुढचे बाइट पत्ते म्हणून हॅश करतो आणि एकाच व्हीसीचे सेल वेगवेगळ्या वाटांनी पाठवतो. एटीएमला क्रम बिघडलेला अजिबात चालत नाही. यूएनआयवर (ग्राहक आणि स्विचमधली जोडणी) व्हीपीआय आठच बिटांचा असल्याने तिथे हे घडत नाही, म्हणून चाचणीत सगळं सुरळीत आणि एनएनआय जोडला की गोंधळ.

स्यूडोवायर वरच येत नसेल तर कारणं मोजकीच असतात. व्हीसी आयडी दोन्हीकडे सारखा हवा. प्रकारही सारखा हवा: सेल मोडचा व्हीसी ९, व्हीपी (अनेक व्हीसींचा गठ्ठा) १०, एएएल५ एसडीयू २, अख्खा पोर्ट ३. एकीकडे एएएल० (म्हणजे सेल मोड) आणि दुसरीकडे एएएल५ टाकलं की जोडणी होतच नाही. एसडीयू मोडमध्ये एमटीयूही जुळावा लागतो. आणि पलीकडच्या लूपबॅकचा /३२ मार्ग (फक्त त्या एका पत्त्याचा) लेबलसह यायला हवा. कुठे रूट समराइझ झाला असेल तर लेबलची वाट तिथेच तुटते.

व्हीपी मोडमध्ये व्हीसीआय (व्हीपीतल्या व्हीसीचा क्रमांक) बदलता येत नाही, फक्त व्हीपीआय बदलतो. पोर्ट मोडमध्ये पीईवरचा आयएलएमआय (०/१६ वर चालणारा व्यवस्थापनाचा प्रोटोकॉल) बंद करा, नाहीतर ०/१६ चे सेल पीईच गिळून बसतो.

स्यूडोवायर पडली की पीईने स्विचकडे एआयएस (बिघाड कळवणारे) सेल पाठवायला हवेत, सेकंदाला एक. व्हीसीसाठी एफ५, व्हीपीसाठी एफ४. हे जोडणी सुरू करण्याआधी एकदा कोअरची लिंक मुद्दाम पाडून पाहा. एआयएस येत नसेल तर ग्राहकाच्या राउटरवर पीव्हीसी ‘अप’च राहतो आणि राउटिंगचा होल्ड टायमर संपेपर्यंत त्याची पॅकेटं खड्ड्यात पडत राहतात.

शेवटी क्लॉक. सेलबरोबर क्लॉक जात नाही. ई१ वरून वेळ घेणाऱ्या नोड-बीला (३जी चं बेस स्टेशन) पीईच्या पोर्टवरूनच स्थिर क्लॉक मिळायला हवं, आणि पीईला ते सिंक्रोनस इथरनेट, आयईईई १५८८ (पॅकेटांतून वेळ कळवणारा प्रोटोकॉल) किंवा स्थानिक स्रोतातून. पीईचा पोर्ट स्वतःच्या ऑसिलेटरवर सोडला तर लिंक चालू दिसते, पण काही तासांनी हँडओव्हर गळायला लागतात आणि शोधाशोध रेडिओच्या बाजूला सुरू होते. म्हणून पीईवर क्लॉकचा स्रोत ‘लॉक्ड’ आहे का, हे नोड-बी जोडण्याआधी बघा.