धाकटं नेढं : हरवलेले नऊ अंश सापडले

मंडळी, सूर्य नेढ्यातून आला! १२ मार्च, सकाळी ७ वाजून ३१ मिनिटं. खालच्या डाव्या कोपऱ्यातून शिरला, किंचित उजवीकडे सरकत वर चढला आणि नऊ मिनिटांनी वरच्या कातळाआड गेला. गणिताने काढलेल्या तारखेला सूर्य नेढ्यात आलाच नाही म्हणून फेब्रुवारीतल्या नोंदीत मी हात टेकले होते, त्यामुळे मधल्या तीन आठवड्यांत काय काय झालं ते सविस्तर लिहितोय.

नव्यांसाठी एवढंच, की नेढं म्हणजे कातळभिंतीला पडलेलं आरपार भोक, आणि आपलं हे नेढं वेल्ह्याच्या बाजूला एका निनावी सोंडेवर आहे. राजगडाच्या सुवेळा माचीचं किंवा रतनगडाचं नेढं जितकं ऐसपैस, तितकं हे लहान. रुंदी २ मीटर, उंची दीड. नेमकी जागा मी सांगत नाही. छताला आग्या मोहोळं आहेत आणि कातळावर अजून एकाही प्रेमवीराचं नाव नाही. दोन्ही तसंच राहू दे.

माझी जागा म्हणजे पश्चिमेचा ओटा. नेढ्यापासून ४० मीटर लांब, जवळजवळ ८ मीटर खाली. उभं राहता येईल असा सपाट कातळ तेवढाच, बाकी सगळा घसारा. ओट्यावरून नेढं ११ अंश वर दिसतं. म्हणजे सूर्य क्षितिजावर आल्या आल्या उपयोग नाही, तो ११ अंश चढल्यावर नेढ्याच्या दिशेला हवा. आपल्या अक्षांशावर उगवतीचा सूर्य सरळ वर चढत नाही, उजवीकडे झुकत चढतो. तीन अंश वर चढेपर्यंत साधारण एक अंश दक्षिणेला सरकतो. हे सगळं गणितात धरलं होतं. ओट्यावरून नेढ्याची दिशा होकायंत्राने १०६ अंश आली, त्यावरून तारीख निघाली १९ फेब्रुवारी.

त्या दिवशी शिवजयंती. बाकीच्या गडांवर माणसांचा पूर आणि आमच्या सोंडेवर मी, दादा आणि वाडीवरून सोबत आलेले मामा. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. पावणेआठच्या सुमाराला सूर्य ११ अंशांवर असणार होता. झाला पावणेआठ, झाले आठ, नेढ्यात नुसतं निळं आकाश. कातळभिंतीच्या माथ्यावर उजेडाची कड दिसत होती, पण नेढ्याच्या उजवीकडे, चांगली सहा मीटर. दादा म्हणाला, "अरे, हा तर भलतीकडूनच उगवला." मामांनी पिशवीतून भाकरी काढली. मला घास उतरेना.

सहा मीटर म्हणजे ओट्यावरून जवळजवळ ९ अंश. एवढी चूक गणितात होत नसते. सूत्र तीनदा तपासलं, स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तीच वेळ टाकून पाहिली. सूर्य जिथे असायला हवा तिथेच होता. चुकली होती नेढ्याची दिशा.

पहिला संशय होकायंत्रावर. आरशाचं, साडेतीन हजारांचं, पुण्यातल्याच एका दुकानातून घेतलेलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, मोबाइल खिशात असेल. मोबाइल सॅकमध्ये होता आणि सॅक दहा पावलं लांब. घरी गच्चीवर तेच होकायंत्र नीट चालत होतं. पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, तेव्हा ती सबबही बाद. मोबाइलमधल्या होकायंत्राबद्दल तर बोलायलाच नको. त्याने ओट्यावर एकाच जागी तीन वेळा तीन आकडे दिले. डोंगरात मोजमापासाठी ते वापरूच नका.

मग जीपीएस. ओट्याचा बिंदू घ्यायचा, नेढ्याचा घ्यायचा, दोन्हीतून रेषा काढायची. कागदावर सोपं. पण कड्याखाली जीपीएस पाचेक मीटर इकडेतिकडे होतं आणि चाळीस मीटरच्या अंतरात पाच मीटरची चूक म्हणजे सात अंश. उपग्रहाच्या चित्रात वरून नेढं दिसत नाही, भिंतीचा माथा आणि तिची सावली तेवढी दिसते. सर्व्हे ऑफ इंडियाचा ४७ एफ मालिकेतला नकाशा मी फार मानतो, पण पन्नास हजारी नकाशात माझे ४० मीटर एका मिलिमीटरपेक्षाही कमी भरतात.

उत्तर मिळालं ते २२ फेब्रुवारीला, पुन्हा ओट्यावर गेल्यावर. होकायंत्र छातीपाशी धरलं, १०६. डोक्यावर हात ताणून धरलं आणि दादाने खालून आरशात वाचलं, १०२. कातळावर टेकवलं तर सुई सरळ फिरली. तिथून ओट्याच्या कडेने वीतभर सरकवलं आणि सुई २० अंशांहून जास्त हलली. आणखी वीतभर पुढे नेलं, परत आली. दादा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. सुई बिघडलेली नव्हती. कातळच तिला ओढत होता.

आपला काळा कातळ मुळात चुंबकीय आहे, त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजला तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्या कणांनी धरून ठेवली. सह्याद्रीतल्या बऱ्याचशा थरांत ती आजच्या उलट आहे, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते. पण ही जुनी आठवण क्षीण असते. तिच्याने वीतभर अंतरात सुई अशी फिरत नाही. अशी फिरते ती वीज पडलेल्या जागी. वीज कातळातून जाते तेव्हा तिच्या प्रवाहाभोवतीचा कातळ जोरदार चुंबकित होतो, आणि उघड्या सोंडांवर वळवाच्या दिवसांत विजा पडतातच. भूशास्त्रज्ञ चुंबकीय अभ्यासासाठी नमुने घेताना अशा माथ्यांबाबत सावध असतात. मी इतकी वर्षं डोंगरात होकायंत्र घेऊन हिंडतोय, पण हे हाताला जाणवलं ते पहिल्यांदा.

नेढं म्हणजे मुळात सुईचं भोक. आता त्याची दिशा सुईशिवाय काढायची होती.

पुण्याच्या बोहरी आळीत जाऊन पितळी ओळंबा आणला, गवंडी वापरतात तो. तिथले दुकानदार वस्तू हातात देऊन नीट समजावून सांगतात, मला ती गल्ली त्यासाठी आवडते. कल्पना अशी, की ओळंब्याच्या दोऱ्याची सावली सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पडते. सूर्याची दिशा घड्याळावरून कळते. म्हणजे सावलीची रेषा हाच आपला उत्तर दाखवणारा काटा, आणि कातळ त्याचं काहीही वाकडं करू शकत नाही.

आधी वेताळ टेकडीवर सराव केला, खाणीच्या वरच्या अंगाला. सिंहगडावरच्या मनोऱ्याची दिशा सावलीने काढली आणि नकाशावरून काढलेल्या दिशेशी ताडून पाहिली. पहिल्या दिवशी तीन अंशांचा फरक. कारण पाटावर पडणारी दोऱ्याची सावली पुसट येत होती. सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं, त्यामुळे दोरा पाटापासून एक मीटर लांब असला तर सावलीची कड नऊ मिलिमीटर पसरते. दोरा पाटाच्या ३० सेंटिमीटर जवळ आणला, बारीकऐवजी जाड घेतला, सावलीच्या दोन्ही कडा पेन्सिलने मारल्या आणि मधली रेषा धरली. वाऱ्याने ओळंबा झुलत होता, तो पाण्याच्या डब्यात बुडवला. पाट पाणसळीने समतल केला. दुसऱ्या दिवशी फरक अर्ध्या अंशावर आला. वेळही काटेकोर हवी. सकाळी पावणेनऊच्या सुमाराला एका मिनिटाची चूक म्हणजे अंशाचा दहावा भाग.

१ मार्चला ओट्यावर तीन वाचनं घेतली. ९७.२, ९६.८, ९७.१. तीन आकडे एकमेकांना इतके धरून आलेले पाहिले आणि मी पाटाशेजारीच मांडी घालून बसलो. ९७ आणि १०६. हरवलेले नऊ अंश हेच.

९७ धरून तारीख आली १२-१३ मार्च. विषुवदिनाच्या आसपास सूर्य रोज जवळजवळ आपल्या बिंबाएवढा सरकतो आणि ओट्यावरून नेढं पावणेतीन-तीन अंश रुंद दिसतं. म्हणजे जेमतेम आठवडाभराची संधी. हेच डिसेंबरात असतं तर कितीतरी जास्त दिवस मिळाले असते, तेव्हा सूर्य एका जागी थबकल्यासारखाच असतो. १० तारखेला गेलो तर पलीकडच्या डोंगरावर वणवा, सगळं धुरकट, सूर्य तांब्याच्या वाटीसारखा आणि ११ अंशांवर येईपर्यंत ढगात गेलेला. पण ढगामागचा उजेड नेढ्याच्या उजव्या कडेलाच होता. तेवढ्यानेच रात्रभर झोप लागली नाही.

१२ तारखेला पाबे घाटातून पहाटे उतरलो. त्या दिवशी मामांनी वाडीवर चहा देताना पुन्हा बजावलं, अत्तर-बित्तर लावू नका, मोहोळं उठतील. सव्वासातला ओट्यावर. भिंतीच्या सावलीत गारठा होता. नेढ्याची खालची कड आधी पिवळी झाली, मग पांढरी. त्या कडेचा थर मऊ आहे, बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला, पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे तंतू. बोटाने खरवडलं तरी चुरा पडतो. वरचा थर मात्र घट्ट, घणाला दाद न देणारा. दोन्ही बाजूंनी वारा-पाण्याने खालचा मऊ थर खात खात भिंत आरपार झाली आणि वरचा कातळ कमानीसारखा राहिला. मागून ऊन आल्यावर ते तंतू एकेक करून पेटले. हातोडा घेऊन जाणाऱ्यांना हात जोडून विनंती, तिथलं एकही झिओलाइट काढू नका.

मग बिंब. कवडसा आधी आमच्या डोक्यावरून मागच्या गवतावर पडला, सरकत ओट्यावर आला, माझ्या छातीवर, गुडघ्यावर, आणि उतरत भिंतीच्या पायथ्याकडे गेला. दादाने टोपी काढून हातात धरली होती. फोटो मनासारखे आले नाहीत, बिंब जळलंय. पुढच्या खेपेला गडद फिल्टर हवा. कॅमेऱ्याच्या काचेतून सूर्याकडे डोळा लावू नका, पडद्यावरच पाहा.

सूर्य पुन्हा तिथे येणार १ ऑक्टोबरच्या आसपास. या नोंदीला बसलो तेव्हा बेत होता की तोवर इर्शाळगडाचं नेढं मोजून घ्यावं. पण लिहिता लिहिता वाटतंय, आधी ओट्यावरच परत जावं. खडूने वीत-वीत अंतरावर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीत सुई किती वळते ते टिपायचं. वीज नेमकी कुठे उतरली ते त्या आकड्यांतून दिसायला हवं. आणि चंद्र! तो तर महिन्यातून दोनदा या दिशेने वर चढतो. त्यातली कुठली खेप रात्रीची आणि मोठ्या चंद्राची येते, ते आज रात्रीच काढतो. इर्शाळ थांबू शकतो.

ज्यांच्याकडे जुनं, चांगल्या वजनाचं होकायंत्र पडून असेल त्यांनी कळवा. चौकटी मोजायला दोन सुया लागतील, आणि एप्रिलच्या मध्यापासून दुपारी वळीव गाठतो, त्याआधी जायचंय.